गोगलगायीची सही

मुखपृष्ठाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, त्रिशूळ होता. तांदळाच्या कणीएवढा, पण त्रिशूळच. रत्नाकरनं चष्मा कपाळावर चढवून पुठ्ठा नाकापाशी आणला, मग चष्मा खाली घेऊन पुठ्ठा लांब धरला. दोन्ही अंतरांवरून तो त्रिशूळच राहिला. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे होतं. गर्द हिरवं कापड, त्यावर सोनेरी द्राक्षवेल, वेलीच्या विळख्यात ‘ॲम्ब्रोज लिडल : माणूस आणि वेल’, आणि खाली, वेलीच्या मुळाशी सावलीला बसल्यासारखं, ‘रत्नाकर वझे’. सत्तरीला टेकलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा सोन्यात उमटतं, तेव्हा त्यानं ते नाव पाहत बसावं अशी साधारण अपेक्षा असते. रत्नाकर नाव सोडून कोपरा पाहत बसला होता. नोकरीतली सवय.

छापखाना चामराजपेटेत होता आणि त्याचं खरं पोट लग्नपत्रिकांवर होतं. पुस्तकं मालक व्यंकोजी हौसेनं छापायचा, म्हणजे मराठी पुस्तकं, म्हणजे वर्षाकाठी एखादं. त्याचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून या कानडी मुलखात आले आणि, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, परत निघायला रस्ता मोकळा मिळेना म्हणून राहिले. रत्नाकरनं कोपऱ्यावर बोट ठेवून हे काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा तो एका नवऱ्यामुलाच्या मामाला गणपतीचे नमुने दाखवत होता. त्यानं मान वर न करताच सांगितलं, ‘‘ते शिवकुमारचं मार्क, अण्णा. ब्लॉक त्यानं केला नव्हे? सगळ्यावर घालतोय तो. पत्रिकेवर बी घालतोय.’’ रत्नाकर म्हणाला, इथे गोगलगाय होती. लिडलच्या मूळ चित्रात होती, आपण दिलेल्या कागदावर होती. ‘‘होती की,’’ व्यंकोजी म्हणाला. ‘‘त्यानंच काढली. म्हणला, हे कुण्या दुसऱ्या ब्लॉकवाल्याचं मार्क दिसतंय. ब्लॉक मी करायचा आणि मार्क त्याचं कशाला.’’ आणि मामाकडे वळून त्यानं त्यांना, शंख हातात घेतलेला गणपती सध्या फार चालतो, असं सांगितलं.

जिना संपलेला असताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं रत्नाकरला झालं. पडला नाही. सोनं उमटवायचा पितळी ठसा, म्हणजे ब्लॉक, करणाऱ्या शिवकुमारला तो एकदाच भेटला होता. हातात जाड कडं, चार संगणक, भिंतीवर स्वतःचाच हार घातलेला फोटो. लिडल कोण हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. त्याला फक्त स्वतःचा त्रिशूळ ठाऊक होता. आणि त्या एकाच माहितीच्या जोरावर त्यानं गोगलगायीकडे पाहिलं होतं आणि तिच्यात आपला भाऊबंद ओळखला होता. व्यंकोजीनं बाय-टू कॉफी मागवली. अर्धी रत्नाकरची, अर्धी मामांची. मग म्हणाला की बदलायचं असलं तर स्वल्प लवकर सांगा, आतल्या पानांचे फॉर्म शुक्रवारी सकाळी मशीनवर चढतात, रविवारी प्रकाशनाचं फंक्शन आहे. रत्नाकरनं बघतो, कळवतो असं काहीतरी म्हटलं, कॉफी न पिता उठला, आणि रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की पुठ्ठा आपण काखेत धरलाय, सोनेरी बाजू आत.

रिक्षात बसल्यावर तो पहिल्यांदा शिवकुमारवर चिडला, कारण ते सोपं होतं. चित्राची मोडतोड, अडाणीपणा, हे शहर, ही माणसं, हे सगळं लालबागपर्यंत पुरलं. डेअरी सर्कलच्या सिग्नलला रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, तशी चीडही बंद पडली आणि खाली दुसरंच काहीतरी धडधडत असलेलं ऐकू येऊ लागलं. गोगलगाय लिडलची नसेल तर. हे वाक्य इतकं लहान होतं की एवढी वर्षं ते कुठे दडून बसलं होतं, याचं त्याला नवल वाटलं. ॲम्ब्रोज लिडल, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला, खोगीरवाल्याचा मुलगा, शिळाछापवाल्याकडे उमेदवारी केलेला, पुस्तकांच्या कापडी बांधणीवर सोन्याच्या वेली काढणारा, पुढे बिस्किटांचे डबे, भिंतीच्या फरश्या आणि एका रेल्वे स्टेशनच्या प्रतीक्षालयाचं जमिनीवरचं मेणकापड काढणारा. या माणसाची आणि रत्नाकरची ओळख अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर झाली होती. एका पाद्रीबाबाचं नेच्यांवरचं, म्हणजे फर्नवरचं, पुस्तक. आत पानोपान नेचे, बाहेर द्राक्षवेल. प्रस्तावनेच्या शेवटी पाद्रीबाबानं मुखपृष्ठाची कल्पना करणाऱ्या श्रीयुत लिडल यांचे आभार मानले होते, आणि मुखपृष्ठाच्या उजव्या कोपऱ्यात, तळाशी, सोन्याची गोगलगाय होती. रत्नाकर त्याच वर्षी निवृत्त झाला होता आणि तपासायला घरात काही उरलं नव्हतं.

मग तो गोगलगायी गोळा करत सुटला. इंग्लंडला तो कधी गेला नाही, पण तिथल्या ग्रंथालयांनी जुन्या बांधण्यांचे फोटो जगाला मोकळे करून ठेवले होते, आणि एचएसआर लेआउटमधल्या आपल्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत तोंडल्याचा वेल आणि समोर कुठल्यातरी स्टार्टअपची काचेची भिंत, अशा जागी बसून रत्नाकर एकेक कोपरा मोठा करून पाहत असे. प्रवचनं, प्रवासवर्णनं, मधमाश्या, लहान मुलींसाठी सद्वर्तनाच्या गोष्टी. गोगलगाय दिसली की लिडल. चाळीसेक मुखपृष्ठं झाली. मराठीत लिडलवर पुस्तक नव्हतं. इंग्रजीतही नव्हतं. त्यामुळे स्पर्धा नव्हती. आणि एवढं सगळं ज्या एका समजुतीवर उभं होतं, ती समजूत कुठून आली हे डेअरी सर्कलच्या धुरात त्याला लख्ख दिसलं. ती लंडनहून आली नव्हती. ती सरकारी विमान कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून आली होती.

प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, तळाशी, एक चौकट असते. तिच्यात खण असतात. ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ह्ड बाय. जगातल्या कुठल्याही कागदाच्या त्या कोपऱ्यात ज्याची खूण, त्याचं ते काम, हे रत्नाकरच्या हाडात मुरलं होतं. नोकरीभर त्याची आद्याक्षरं मधल्या खणात पडली. दुसऱ्यांनी काढायचं, यानं तपासायचं. बरोबर असेल त्यावर पिवळी पेन्सिल, चूक असेल त्यावर लाल. संध्याकाळी घरी येताना त्याची बोटं हळदीकुंकवाच्या घरून आल्यासारखी असत. पहिल्याच दिवशी हेड ड्राफ्ट्समननं, तंजावरकडच्या एका गृहस्थांनी, त्याला एकच नियम सांगितला होता, तोही दोनदा, एकदा इंग्रजीत आणि एकदा त्यांच्या त्या जुन्या मराठीत. ज्यानं काढलं त्यानं तपासायचं नाही. डोळा हाताचा मिंधा असतो. आपण काढलेली चूक आपल्याला दिसत नाही, उलट ती जरा जास्तच देखणी दिसते. या नियमाच्या बाहेर रत्नाकर नोकरीत एकदाही गेला नाही, कारण त्यानं काही काढलंच नाही. पहिल्या खणात त्याचं नाव पहिल्यांदाच जात होतं. आणि दुसऱ्या खणात कोण होतं? सिल्क बोर्डाच्या सिग्नलला माणसाला स्वतःच्या आयुष्याचा आढावा घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा सरकारनं करून ठेवला आहे. तिथे त्यानं स्वतःलाच हे विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यामुळे रिक्षावाल्याला एसी बस कशा रिकाम्या जातात याबद्दल बोलतं केलं.

घरी बायको, हेमलता, पडवळ चिरत होती. कसं झालंय पुस्तक, असं तिनं विचारलं आणि त्यानं पुठ्ठा दाखवला. छान आहे म्हणाली. मग म्हणाली, हिरवा बरा आला. त्रिशूळ तिला दिसला की नाही हे कळलं नाही, आणि विचारायचं म्हणजे दाखवायचं. त्यानं पुठ्ठा कपाटात कपड्यांखाली ठेवला, मग काढून पलंगाखाली, मग पुन्हा कपाटात. पुढचे दोन दिवस त्याला जगभर उजवे कोपरेच दिसत राहिले. बिस्किटाच्या पुड्यावर, गटाराच्या झाकणावर, वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीत. लिफ्टमध्ये शेजारच्या श्रीविद्यानं तिच्या हातावरचं नवं गोंदण कौतुकानं दाखवलं, एक मोर, तर हा मोराच्या पायाशी खाली वाकून पाहू लागला. तिनं हात मागे घेतला. हेमलता दुपारी खुर्चीत डुलकी काढत होती, तर त्याला तिच्या हनुवटीच्या उजव्या बाजूला, तळाशी, एक तीळ दिसला. हा तीळ कधीपासून आहे हे त्याला आठवेना. लग्नातल्या फोटोत पाहावं म्हणून उठला, पण अल्बम मुलीकडे, प्रांजलीकडे, हेब्बाळला होता. तीळ तपासण्यासाठी शहर ओलांडणं हे निवृत्त माणसालाही शोभण्यासारखं नव्हतं.

खरा त्रास गोगलगायीचा नव्हता. एखादी खूण चुकली तर चौकट लावून शुद्धिपत्र घालता आलं असतं. त्रास हा होता की त्यानं गोगलगायीवरून माणूस केला होता. चाळीस मुखपृष्ठं एका हातची वाटत नव्हती, हे त्याला पहिल्यापासून दिसत होतं. काही वेलींत श्वास घ्यायला जागा नव्हती. काहींत तीन रेघा आणि एक पक्षी, बाकी कापड मोकळं. काही तर सरळ भूमितीच, कंपास आणि पट्टी. एखाद्या सरळ मनाच्या माणसाला वाटलं असतं की हे वेगवेगळे लोक आहेत. रत्नाकरला मात्र लिडलच्या आत्म्यातली उलथापालथ दिसली. दाट वेलींचा काळ म्हणजे तारुण्यातली आसक्ती. मोकळ्या कापडाचा काळ म्हणजे वैराग्य. भूमितीचा काळ म्हणजे, तिसरं प्रकरण, संसारातून उडालेलं मन. एका माणसाच्या पोटात इतकी माणसं कशी राहतात, यावर त्यानं दोन पानं चिंतन लिहिलं होतं आणि इथल्या मराठी मंडळाच्या अंकात ते आधीच छापून आलं होतं. आता त्या प्रश्नाला उत्तर मिळत होतं. ती खरंच इतकी माणसं होती. लंडनच्या कुठल्यातरी गल्लीत पितळेवर उलटं कोरणारा एकजण बसला होता, सगळ्यांची चित्रं त्याच्याकडे यायची आणि तो कोपऱ्यात आपली गोगलगाय सोडून द्यायचा. त्याला कसलीही उलथापालथ नव्हती. त्याला फक्त काम होतं.

बुधवारी सकाळी त्यानं भीमाचार्यांना फोन केला. भीमाचार्य कॉलेजातून निवृत्त झालेले, पुस्तकाला त्यांची प्रस्तावना होती आणि रविवारी प्रकाशनही त्यांच्याच हातून व्हायचं होतं. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं की एका गोगलगायीच्या पावलांवरून लेखकानं एक हरवलेलं युग शोधून काढलं. रत्नाकरनं जपून, आडून, असं सुचवलं की गोगलगायीबद्दल थोडी शंका निर्माण झाली आहे. मग भीमाचार्यांनी विचारलं, कसली गोगलगाय? रत्नाकरनं सांगितलं. ते म्हणाले, हो हो, ती. मग म्हणाले की शंका ही संशोधनाची आई आहे, ती असू द्यावी, आणि रविवारी हॉलमध्ये उप्पिटाबरोबर गोड काय आहे. फोन ठेवल्यावर रत्नाकरला हलकं वाटायला हवं होतं. कुणालाही कळणार नव्हतं. ज्यांनी प्रस्तावना लिहिली त्यांना कळलं नव्हतं. पुस्तक साठ-सत्तर घरांत जाईल, टीपॉयवर राहील, त्याचं हिरवं सगळ्यांना आवडेल. लिडलला वंशज नव्हते. गोगलगायवाला तर अवघ्या इतिहासात कुणालाच माहीत नव्हता. चूक अशी निवांत, सुरक्षित, वातानुकूलित जागी पडली होती, आणि ती जगात एकट्या त्यालाच दिसत होती, ज्यानं नोकरीभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्याबद्दल पगार घेतला होता. रेखाटणारे बिचारे त्याच्या टेबलाशी उभे राहायचे. सर, फार बारीक आहे, विमानाला काही होणार नाही. तो मान वर न करता म्हणायचा, विमानाला नाही होणार, ड्रॉइंगला झालंय.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यानं अखेर ते केलं जे पहिल्या वर्षी करायला हवं होतं. चाळीस मुखपृष्ठं सालवार लावली, शेजारी लिडलच्या मृत्यूची वर्तमानपत्रातली दोन ओळींची बातमी. बातमीनंतर गोगलगायी थांबायला हव्या होत्या. त्या थांबल्या नव्हत्या. निवांतपणे, आपल्या गतीनं, त्या पुढची बरीच वर्षं चालत राहिल्या होत्या. यांतलं एकही साल त्याला नवं नव्हतं. सगळी सातव्या प्रकरणात त्याच्याच हातची होती. आणि सातवं प्रकरण म्हटल्यावर त्याला आठवण झाली ती लिडलची नाही, जेवणाच्या टेबलाची. हेमलता संगणकावर बसलेली, हा शेजारी वहीतून सांगतोय. तिनं एका संशोधन संस्थेत नोकरी केली होती, शास्त्रज्ञांचे प्रबंध टंकलिखित करण्याची, आणि ती अजूनही किल्ल्यांकडे न पाहता, समोर भिंतीकडे नजर लावून टाइप करायची, जणू मजकूर भिंतीवर लिहिलाय आणि हा उगीच मधे बोलतोय. सबंध पुस्तक तिच्या बोटांतून गेलं होतं. सातव्या प्रकरणात ती एकदाच थांबली होती आणि म्हणाली होती, ‘‘अहो, हा गेल्यावर पण काढतोय का?’’ त्यावर त्यानं तिला सांगितलं होतं की थोरांची कामं मागाहून बाहेर येतात, तू पुढे घे. आणि ते वाक्य त्याला इतकं आवडलं की त्यानं तेही पुस्तकात घातलं. ते तिनं टाइप केलं.

आता ती सोफ्यावर बसून तोंडली निवडत होती. गॅलरीतली, म्हणजे मोजकीच. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, त्याच्या टेबलाशी लोक उभे राहायचे तसा, आणि एकदम म्हणाला की तुला कळलं होतं. तिनं काय म्हणून विचारलं नाही. शिवकुमार, त्रिशूळ, सालं, सगळं त्यानं एका दमात सांगितलं, आणि शेवटी पुन्हा तेच, की तुला कळलं होतं, सातव्यातच कळलं होतं, मग बोलली का नाहीस. ‘‘बोलले होते,’’ हेमलता म्हणाली. ‘‘तुम्ही म्हणालात पुढे घे. मी टायपिस्ट. जसं आहे तसं उतरवायचं. शास्त्रज्ञसुद्धा काय काय लिहायचे, मी कुणाला हटकलं नाही.’’ तिनं एक पिकलेलं तोंडलं बाजूला ठेवलं. तिचा सूर भांडणाचा नव्हता, तोच अवघड भाग होता. ‘‘तसं चौथ्यात पण एकदा विचारलं होतं,’’ ती म्हणाली.

चौथं प्रकरण मार्थाचं होतं. मार्था लिडल, पत्नी. जनगणनेच्या नोंदीत तिच्याबद्दल तिचं नाव आणि वय एवढंच होतं. उरलेली अठरा पानं रत्नाकरनं आणली होती. कुठून आणली, याचा विचार त्यानं लिहिताना केला नव्हता. वेली आपसूक वाढतात तसं ते प्रकरण वाढलं होतं, सगळ्यात सुरेख झालं होतं, भीमाचार्यांनी त्यातलीच दोन वाक्यं उद्धृत केली होती. मार्थाचं जग ताटांपुरतं होतं. मार्थानं एकदाही त्याला विचारलं नाही, की तू काय काढतोस. संध्याकाळी तो रंगलेली बोटं घेऊन येई आणि ती त्याच्याकडे न पाहता पाणी पुढे करी. हे तो सांगत होता आणि भिंतीकडे बघत हेमलता टाइप करत होती, एकही चूक न करता. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की ही बाई तुम्ही फार गप्प दाखवलीय. तो म्हणाला होता, बोलल्याचा पुरावा नाही. ती म्हणाली होती, ‘‘आणि गप्प असल्याचा?’’ त्यावर त्याला हसू आलं होतं. संध्याकाळी प्रांजलीला फोनवर त्यानं विनोद म्हणून हे सांगितलंही होतं, तुझी आई आता संशोधनात लक्ष घालतेय. प्रांजली हसली नव्हती. त्याला वाटलं होतं, हेब्बाळला रेंज नाही.

आता त्याला आठवत होतं की लंडनच्या लिडलची बोटं कशाला रंगतील. तो पेनानं काढायचा. पिवळी-लाल बोटं कुणाची होती हे या घरात दोघांना ठाऊक होतं, त्यातलं एक माणूस लिहीत होतं आणि एक उतरवून घेत होतं. त्या गप्पपणाचा दाखला ज्या एका माणसाकडे मागता आला असता, ते माणूस जन्मभर तीन हातांच्या अंतरावर बसलेलं होतं. गोगलगायीची चूक पितळेची होती, कोरून दुरुस्त झाली असती. खाली ही दुसरी होती. त्याला एकाएकी भयंकर वाटलं ते हे, की शुक्रवारी सकाळी हे मशीनवर चढेल आणि मार्था साठ-सत्तर घरांच्या टीपॉयवर गप्प बसून राहील, आणि हेमलता त्या घरांत हळदीकुंकवाला जाईल.

त्यानं तिथेच उभं राहून व्यंकोजीला फोन लावला आणि छापू नका म्हणून सांगितलं. व्यंकोजीनं आधी त्रिशूळ काढून गोगलगाय पुन्हा घालून देण्याची तयारी दाखवली, शिवकुमारशी आपण भांडू म्हणाला. रत्नाकर म्हणाला, त्रिशूळ राहू द्या, तेवढंच बरोबर आहे. आतलं थांबवा. मग रविवारचं काय, व्यंकोजी म्हणाला, हॉल घेतलाय, आचार्यांच्या नावानं बॅनर झालाय, हेमलताअक्कांनी माझ्या घरच्यांना बी बोलावलंय. पलीकडे व्यंकोजी विचार करत असल्याचा आवाज आला, म्हणजे तो कानडीत कुणाशी तरी बोलला. ‘‘सरी, अण्णा,’’ तो म्हणाला. ‘‘कव्हर आहे. आत कोरे कागद घालून बांधून देतो, वर रिबन. आचार्य सोडणार, फोटो काढणार, उप्पिट खाणार. त्या दिवशी आत कोण बघतंय? आतलं सावकाश करा की.’’ रत्नाकरला वाटलं, नोकरीतल्या कुठल्याही माणसाला इतकी निर्दोष प्रत मंजुरीला पाठवता आली नव्हती. तो हो म्हणाला.

हेमलतानं सगळं ऐकलं होतं, पण ती तोंडलीच निवडत होती. रत्नाकर आत गेला. पुस्तकाची छापील पानं टेबलावर होती. पेन्सिलींचा डबा शोधायला वेळ लागला. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मुलांनी गमतीनं दिलेला, एक पिवळी, बरोबरसाठी, आणि एक लाल, चुकीसाठी, टोकंसुद्धा न काढलेली. टोकं काढताना त्याला राग येत होता, कशाचा ते कळत नव्हतं, आणि भीतीही, ती मात्र कळत होती. तंजावरच्या गृहस्थांनी न सांगितलेला भाग हा होता की टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभं राहणं कसं असतं. बाहेर येऊन त्यानं गठ्ठा तिच्या मांडीशी ठेवला आणि पेन्सिली वर. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, तळाशी, त्यानं चौकट आखली होती. पहिल्या खणात त्याचं नाव होतं. दुसरा रिकामा.

‘‘तपास,’’ तो म्हणाला.

‘‘मी टायपिस्ट,’’ हेमलता म्हणाली.

‘‘होतीस. आता जसं आहे तसं चालणार नाही.’’

तिनं तोंडल्यांची परात खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पेन्सिली उचलून एकेक उजेडात धरून पाहिली. समोरच्या काचेच्या इमारतीत जेवणानंतरची माणसं पुन्हा संगणकांपुढे बसत होती. रत्नाकर बसला नाही, तिच्या मागे जाऊन उभा राहिला. सातव्या प्रकरणापासून ती सुरू करेल, साल, गोगलगायी, लाल, लाल, लाल, याची त्यानं तयारी केली होती, ते त्याला सोसणार होतं. हेमलतानं गठ्ठा अंदाजानं मधे कापला, पत्ते कापावेत तसा. चौथं प्रकरण पहिल्याच प्रयत्नात निघालं.

ती वाचू लागली, ओठ न हलवता, या वेळी भिंतीकडे नाही, कागदाकडे बघत. ताटांच्या वाक्यावर लाल रेघ पडली. रंगलेल्या बोटांवर नुसतंच लाल प्रश्नचिन्ह. मग ‘मार्थानं एकदाही त्याला विचारलं नाही, की तू काय काढतोस’ हे आलं. तिथे ती जरा थांबली, रेघ मारली, आणि समासात तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं : विचारलं होतं. उत्तर आलं नाही. रत्नाकरला तिच्या खांद्यावरून ते उलटं नाही, सरळ दिसत होतं. त्याला काही म्हणायचं होतं. तपासणी चालू असताना काढणाऱ्यानं बोलायचं नसतं, हा नियम त्यानंच कितीजणांना शिकवला होता. गॅलरीतून रस्त्यावरच्या पालेभाजीवाल्याचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, सोप्पू, सोप्पू, आणि लांब गेला.

पान उलटलं. लाल, पुन्हा लाल. मग तिनं लाल पेन्सिल खाली ठेवली. त्या पानाच्या शेवटी एक वाक्य होतं, ज्याला जनगणनेत, बातमीत, पाद्रीबाबाच्या प्रस्तावनेत, जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात कसलाही आधार नव्हता. ते वाक्य त्यानं एका दुपारी का लिहिलं हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. ‘लिडल घरात असला, की घरात एक खुर्ची जास्त आहे असं वाटे.’ हेमलतानं टीपॉयवरून पट्टी घेतली, ओळीखाली नीट धरली, आणि ते वाक्य पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत पिवळं केलं, पूर्णविरामासकट.